जुनी इमारत, तिची माती आणि खालचा कट्टा : सोसायट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि आर्किटेक्ट आहे. नव्या टॉवरचं काम माझ्याकडे क्वचितच येतं. येतात त्या जुन्या सोसायट्या. नौपाडा-पाचपाखाडीतल्या तीन-चार मजली इमारती, वाशी-नेरूळ-कोपरखैरण्यातली सिडकोची घरं, घोडबंदरकडची पहिल्या पिढीची संकुलं. मागणी साधारण एकच असते : "मॅडम, खालच्या जागेचं काहीतरी करायचंय." मग सर्वसाधारण सभा होते, चहा-बिस्किटं येतात आणि तेच ते प्रश्न निघतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवतेय.

इमारत तर कधीचीच उभी आहे. आता आर्किटेक्ट येऊन काय करणार?

इमारतीला फारसं काही नाही. काम आहे ते इमारत जिथे जमिनीला टेकते तिथलं. जिन्याची शेवटची पायरी, पंपरूमची भिंत, कंपाउंडच्या कडेची तीन मीटरची पट्टी, गच्चीवरून येणारे पाइप, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत जाणारी माणसं. बांधताना या गोष्टींचा कोणी एकत्र विचार केलेला नसतो. प्लंबरने पाइप सोडला, बिल्डरने उरलेल्या जागेत लॉन टाकलं, कमिटीने नंतर पत्र्याची शेड घातली. आता तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि ते पटवून देणं हे माझं काम.

पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचं उदाहरण देते, कारण मी ते विसरत नाही. बागेत सिमेंटचे चार बाक होते, त्यावर 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं. चारही रिकामे. आणि संध्याकाळी पाच वाजता तीन आजी पंपरूमच्या पायरीवर, एकीच्या मांडीला दुसरीचा गुडघा लागेल अशा दाटीने बसलेल्या. मी विचारलं, "बाकावर का नाही बसत?" एक आजी म्हणाल्या, "तिथे ऊन असतं गं, आणि गेटातून कोण आलं ते दिसत नाही." पंपरूमवर फणसाची सावली होती, बोळातून वारा येत होता आणि गेट समोर होतं. जागेची निवड त्यांनी केव्हाच करून ठेवली होती, बाक चुकीच्या ठिकाणी मांडले होते एवढंच.

म्हणजे सुशोभीकरणच ना?

नाही. या शब्दाखाली कारंजी, फायबरची हरणं आणि रंगीत दिवे येतात. कारंजं दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडतं आणि मग डासांसाठी महानगरपालिकेची नोटीस येते.

यावर मला फ्रान्समधली एक गोष्ट सांगायला आवडते. १९९६ साली बोर्दो शहराने लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीला एक छोटा चौक सुंदर करून मागितला. दोघं तिथे जाऊन बसले, लोकांशी बोलले, आणि कळवलं की चौक आहे तसाच छान आहे, काही बांधू नका. खडी वेळेवर बदला, झाडांची निगा राखा, नीट झाडलोट करा. याच जोडीने पुढे त्याच शहरात ५३० जुन्या सदनिकांच्या इमारती न पाडता, माणसांना घराबाहेर न काढता, प्रत्येक घराला बाहेरून काचेचा रुंद व्हरांडा जोडून दिला. २०२१ चं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं. काहीच न बांधण्याची फी आपल्याकडे कोणी देईल का, हा प्रश्न वेगळा. मी दोनदा तसा सल्ला दिला आणि दोन्ही वेळा कमिटीने दुसरा माणूस शोधला.

सुरुवात कुठून करायची?

गच्चीवरून. हे ऐकून लोक हसतात, कारण त्यांनी मला बागेसाठी बोलावलेलं असतं. पण खालची जमीन जगणार की चिखल होणार, हे वरच्या पाण्यावर ठरतं.

ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. तुमची गच्ची ५०० चौरस मीटरची असेल तर वर्षाला साडेबारा लाख लिटर पाणी एकट्या गच्चीवरून खाली येतं. जोरदार पावसाच्या एका दिवशी १०० मिलिमीटर पडला तर त्या दिवसाचं पाणी ५० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. ते चार-पाच पाइपांतून खाली उतरतं आणि बहुतेक जुन्या सोसायट्यांत पाइप जमिनीच्या फूटभर वरच संपलेला असतो. पाणी थेट प्लिंथवर, म्हणजे इमारतीच्या जोत्यावर, आदळतं, भिंतीत मुरतं आणि तळमजल्याच्या खोलीत ओल येते. काही ठिकाणी कोणीतरी हुशारी करून पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असतो. मग भर पावसात चेंबर उसळतो आणि सगळ्या आवारात काय पसरतं, ते लिहीत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पाइप, मग जमिनीचा उतार, मग फरशी, आणि झाडं सगळ्यात शेवटी. ऑडिट ऐच्छिक नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ते करायचं असतं. उलट्या क्रमाने गेलात तर दुरुस्तीच्या परांच्या नव्या बागेतच उभ्या राहतात. प्लास्टरचे ढलपे अनंताच्या रोपांवर पडलेले मी पाहिलेत.

एवढं झाल्यावर एक पावसाळी दिवस आणि एक मे महिन्यातला दिवस नुसतं आवारात उभं राहायचं. पाणी कुठे साचतं, चपला कुठून जातात, दूधवाला सायकल कुठे लावतो, मुलं चेंडू कुठल्या भिंतीवर मारतात. एका कागदावर खुणा करा. डिझाइनचा अर्धा नकाशा तोच.

आमच्याकडे जागाच नाही.

मोजली आहे का? ४० मीटर लांबीच्या इमारतीच्या एका बाजूची तीन मीटर रुंद पट्टी म्हणजे १२० चौरस मीटर. दोन मोठ्या फ्लॅटएवढी. तिथे सध्या काय असतं? मोडकी सायकल, कोणाच्या तरी बाथरूमची निघालेली फरशी, दोन प्लास्टिकचे ड्रम आणि मांजरी. जागा असते, पण तिच्याकडे उघडणारी फक्त टॉयलेटची खिडकी असते, म्हणून ती कोणाला आपली वाटत नाही.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचं नाव सगळे घेतात. आमच्या चार मजली इमारतीशी त्याचा काय संबंध?

संबंध अंगणाचा आहे. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, चार्ल्स कोरिया, यांनी सिडकोसाठी १९८०च्या दशकात बेलापूरला ही वसाहत केली. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट एकत्र येऊन २१ घरांचं थोडं मोठं अंगण, आणि तसे तीन गट मिळून आणखी मोठं. एकाही घराची भिंत शेजाऱ्याला सामाईक नाही, त्यामुळे ज्याला वाढवायचं त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलंही, चांगलं दोन-तीन मजल्यांपर्यंत. बरीच मूळ कौलारू घरं आज शोधावी लागतात. अंगणं मात्र अनेक ठिकाणी तगली आहेत.

मला त्यात घरांपेक्षा आकडा महत्त्वाचा वाटतो : सात. सात घरांच्या अंगणात कोणाचं पोर रडतंय हे सगळ्यांना कळतं. १२० फ्लॅटच्या संकुलात एकच मोठं 'सेंट्रल गार्डन' असतं आणि तिथे कोणीच कोणाचं नसतं. म्हणून जुन्या सोसायटीत मी एक मोठी जागा करण्याऐवजी प्रत्येक जिन्यापाशी एक छोटी जागा करते. एका जिन्यावर आठ घरं असली की कोरियांच्या आकड्याच्या आपण जवळच असतो. एक ओटा, एक झाड, एक दिवा, आणि चप्पल काढून बसता येईल अशी गुळगुळीत कडाप्प्याची फरशी.

तसं म्हटलं तर हे कोरियांनीही नव्याने शोधलेलं नाही. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. त्यातल्या कुठल्याही गावठाणात आज गेलात तर जाळी विणायला, मासळी निवडायला आणि गप्पा मारायला वापरलेला ओटा घरापुढे दिसेल. देवळापुढे पार असतोच. आपण नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या नव्या वसाहतींत, राहायला आलो आणि ओटा विसरलो.

सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले तर स्वच्छ राहील ना?

एक वर्ष राहील. नंतर फटींतून गवत येईल, आणि ते काढायचे पैसे वेगळे.

खरी भानगड उंचीची आहे. दर आठ-दहा वर्षांनी नवी कमिटी येते आणि जुन्या फरशीवरच खडी-ग्रिटचा थर टाकून नवे ब्लॉक बसवते, कारण जुनं उखडायला मजुरी लागते. चारेक इंच जमीन वर येते. असं तीनदा झालं की फूटभर. नौपाड्यातल्या एका इमारतीचे जुने फोटो मागवले तेव्हा जिन्याला चार पायऱ्या दिसल्या. मी गेले तेव्हा दोनच उरल्या होत्या. आवार फूटभर वर येऊन प्लिंथच्या जवळ पोचलं होतं आणि तळमजल्यावरचे काका दर जुलैत दारात वाळूच्या पिशव्या लावत होते. त्यांना वाटत होतं रस्ता उंच झाला. रस्ताही झाला होता, पण निम्मा दोष आतल्या ब्लॉकचा होता.

तेव्हा एकच आग्रह : नवं टाकण्याआधी जुनं काढा. ठेकेदार नको म्हणेल, तरी काढा. टेंडरमध्ये तसं स्वच्छ लिहा आणि काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवर लाल रेघ मारून ठेवा, पूर्ण झालेली फरशी या रेघेच्या वर जाणार नाही म्हणून. गाडी जिथे फिरते तेवढ्याच भागात ब्लॉक, चालायच्या वाटेला जांभा किंवा शहाबादी, बाकी माती. झाडाच्या बुंध्याभोवती चहूबाजूंनी किमान एक मीटर उघडी जमीन सोडा. बुंध्याला सिमेंटचं कडं घालून त्याला पार म्हणणारे लोक आहेत. त्यात झाड गुदमरतं.

रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा केला की पाण्याचा प्रश्न सुटेल?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. एक सोपी परीक्षा करा : मीटरभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. तीन-चार तासांत रिकामा झाला तर शोषखड्ड्याला अर्थ आहे. येऊरच्या पायथ्याकडे किंवा बेलापूरच्या टेकडीलगत, जिथे मुरूम लागतो, तिथे हे जमून जातं. वाशीत ऑगस्टमध्ये खणलात तर खड्डा आपोआप खालूनच भरेल, आणि पाणी मचूळ लागेल.

वाशी, सानपाडा, नेरूळचा बराच भाग खाडीकाठची सखल जमीन भरून केलेला आहे. भरतीच्या वेळी शहराचं पावसाचं पाणी खाडीत सोडता येत नाही. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले : भरती असेपर्यंत झडपा बंद, पाणी तलावात, ओहोटी लागली की बाहेर. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की आवारात पाणी थांबणारच. अशा सोसायटीत मी जमिनीतच एक उथळ खोलगट पट्टा ठेवते, वीतभर खोल. पावसाळ्यात तो दोन-चार तास पाणी धरतो, एरवी मुलं त्यात उड्या मारतात. तिथे कर्दळ आणि वाळा लावला तर पाण्यात उभं राहायचं त्यांना वावडं नसतं. गच्चीचं पाणी साठवायचंच असेल तर वाशीकरांनी जमिनीत जिरवण्यापेक्षा टाकीत धरावं आणि गाड्या धुवायला, झाडांना वापरावं.

झाडांच्या मुळांनी इमारतीला तडे जातात. तोडून टाकायची का?

भिंतीच्या सांध्यात, पाइपाच्या मागे उगवलेला पिंपळ असेल तर तो काढलाच पाहिजे, लहान असतानाच, मुळासकट. नुसता कापला की दर पावसाळ्यात पुन्हा हजर होतो. जमिनीतल्या झाडाची गोष्ट वेगळी. मुळं पाण्याच्या मागे जातात. ड्रेनेजची जुनी लाइन गळत असेल तर मूळ तिथे शिरणार, आणि आपण दोष झाडाला देणार. नेरूळच्या एका सोसायटीत आंब्यावर खटला भरला होता. खणून बघितलं तर जोड निसटलेल्या पाइपाभोवती मुळांचा गुंता होता आणि इमारतीच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. पाइप बदलला. आंबा अजून आहे, लोणच्याला सगळ्यांना पुरतो.

तोडणं आणि मोठी छाटणी दोन्हींना परवानगी लागते. त्यासाठी १९७५ चा राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. "माळ्याने रविवारी उरकलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

मग कोणती झाडं लावू?

गुलमोहर नको. दिसतो देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. जूनच्या पहिल्या वादळात कोणाच्या गाडीवर पडेल ते सांगता येत नाही. सप्तपर्णी रस्त्यांवर भरपूर लावली आहे, पण दिवाळीच्या आगेमागे तिच्या फुलांचा वास दम्याच्या माणसाला छळतो. नारळ लावायचा तर वाटेपासून लांब.

लहान आवारात मला बकुळ, सोनचाफा, ताम्हण, बहावा आवडतात. बकुळ हळू वाढते, पण सावली अशी दाट देते की खाली बारा महिने बसावं. ताम्हण आपलं राज्यपुष्प, मे महिन्यात जांभळं होतं. खाडीची खारी हवा लागते तिथे करंज आणि उंडी टिकतात. इमारतीपासून लहान झाड तीन मीटर आणि मोठं सहा-सात मीटर लांब, असा माझा अंदाज असतो.

दिशेचंही बघा. ठाण्यात डिसेंबरच्या दुपारी १३ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला साधारण १२ मीटर पडते. त्या पट्ट्यात हिवाळाभर ऊन नाही, तिथे लॉन लावून पैसे घालवू नका, नेचे आणि लिली लावा. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा इमारतीची सावली कुठेच मिळत नाही, मिळते ती झाडाचीच.

गच्चीवर बाग?

कुंड्या ठेवा, कडेकडेने, खाली विटा देऊन. मातीचा थर टाकू नका. फूटभर ओली माती चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, आणि जिथे माणसं जातात त्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोचा वापर-भार धरून केलेला असतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या, सळ्या गंजलेल्या स्लॅबवर हा प्रयोग इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय करायचा नाही. कुंड्यांसाठी कोब्यावर खिळे ठोकणाऱ्यांना माझ्याकडून हात जोडून विनंती.

पार्किंगचं काय? खरा प्रश्न तोच आहे.

हो, तोच आहे. सभेत बागेवर दहा मिनिटं आणि पार्किंगवर दोन तास जातात.

एका गाडीला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. तेवढ्या जागेत दहा-बारा खुर्च्या मांडून कोजागिरी होते. पण हे सांगून कोणी गाडी विकत नाही, त्यामुळे मी गाड्या हलवत नाही, सरकवते. जिन्याच्या तोंडाशी उभी राहणारी एखाद-दुसरी गाडी मागच्या पट्टीत गेली तरी प्रवेश मोकळा होतो. झाडांखाली जाळीचे काँक्रीट ब्लॉक बसवले की गाडी उभी राहते, खाली पाणी जिरतं, आणि गाडी नसते तेव्हा ती जागा उन्हाने भाजत नाही. दुचाकी एका रांगेत, रंगवलेल्या पट्ट्यांत. यातल्या पट्ट्या रंगवणं सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त भांडणं मिटवणारं काम आहे.

कोणी "ही जागा मी बिल्डरकडून विकत घेतली आहे" म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल दाखवा : उघडी आणि स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक आहे. आणि काहीही करा, अग्निशमनाच्या बंबाची वाट मोकळी राहिली पाहिजे. तिथे कुंडीसुद्धा नको.

कट्टा केला तर पोरं रात्री गोंधळ घालतील.

घालतील. हा मी स्वतः केलेला गाढवपणा आहे, सांगून टाकते. कोपरखैरण्यात दोन इमारतींच्या मधल्या जागेत मी अर्धगोल कट्टा काढला. कागदावर फार सुंदर दिसत होता. दोन समांतर भिंतींमध्ये आवाज कसा घुमतो ते मी ऐकायला गेलेच नव्हते. तिथे कोणी शिंकलं तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. तळमजल्याच्या काकू आधी खिडकी आपटायच्या, मग संध्याकाळी झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने कट्टाच ओला करून ठेवायच्या. चौथ्या महिन्यात कट्टा फोडला आणि नऊ-दहा मीटर पुढे, रस्त्याच्या बाजूला नेला. खर्च निम्मा मी सोसला.

तेव्हापासूनचे माझे नियम साधे आहेत. बेडरूमच्या खिडकीखाली बैठक नाही. वॉचमनला दिसेल अशी जागा. दिवा वरून पडणारा आणि पिवळसर, डोळ्यांत घुसणारा पांढरा नको. आणि पोरांना बसायला जागा द्याच, नाहीतर ती जिन्यात बसतात आणि मग सगळ्यांचीच अडचण.

ज्येष्ठांसाठी काय करावं?

रॅम्पला १:१२ चा उतार, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. अनेक सोसायट्यांत चार फुटांत चढवलेला रॅम्प असतो, तो घसरगुंडी म्हणून उत्तम. बाकाला पाठ आणि हात हवेत, उंची साधारण दीड फूट. हात नसले की बसलेल्या आजोबांना उठता येत नाही.

शेजारच्या सोसायटीची मधली भिंत काढता येईल का?

माझं जुनं स्वप्न. इकडची तीन मीटरची अंधारी पट्टी, तिकडची तीन मीटरची, मध्ये काचा लावलेली भिंत. भिंत नसती तर सहा मीटर रुंद सावलीची गल्ली झाली असती. पण हद्द, सुरक्षा, "त्यांची मुलं आपल्या झोपाळ्यावर" असे विषय निघतात आणि ठराव बारगळतो. पूर्ण भिंत मी आजवर एकदाही काढू शकलेले नाही. जाळीचं छोटं फाटक मात्र एकदा बसवलं, नेरूळला. दोन्ही कमिट्यांनी लेखी करार केला, रात्री दहाला कुलूप, चाव्या दोन्ही वॉचमनकडे. पहिल्याच गणपतीत आरतीला इकडची माणसं तिकडे गेली.

पैसे कोणत्या फंडातून?

सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का या हिशोबाने साठवलेला असतो आणि मोठ्या स्ट्रक्चरल कामासाठी आहे. दुरुस्ती फंड किमान पाऊण टक्का. पाइप, उतार, फरशी, चेंबर ही कामं त्या दुरुस्तीतच बसतात, म्हणून मी बाग दुरुस्तीला जोडून करायला सांगते. परांच्या, मजूर, डेब्रिजचा ट्रक एकदाच येतात. राहिलेली झाडं आणि बाक यांचा खर्च मग एवढा कमी उरतो की वर्गणीत भागतो. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि किमान तीन कोटेशनं घ्या, आणि सर्वात स्वस्त कोटेशनमध्ये जुनी फरशी उखडायची मजुरी धरली आहे का ते पाहा.

परवानगी लागते?

माती, झाडं, फरशी, बाक यांना सहसा नाही. छत आलं की लागते. गझिबो, पत्र्याची शेड, सोसायटीचं ऑफिस हे मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधून 'तात्पुरतं' म्हणू नका.

दोन-चार वर्षांत पुनर्विकासाला जाणारच आहोत. आता खर्च कशाला?

'दोन-चार वर्षं' हे मी काही सोसायट्यांकडून दहा वर्षं ऐकतेय. तोवर पाणी प्लिंथवर पडतच राहणार. मोठा खर्च करू नका, पण पाइप आणि उतार करून घ्या.

आणि एक काम फुकटात करा : आवारातल्या प्रत्येक झाडाची जागा, जात आणि घेर मोजून नकाशावर घ्या. पुनर्विकासाच्या वाटाघाटी कार्पेट एरिया आणि कॉर्पसवर (बिल्डर देतो त्या रकमेवर) होतात, झाडांचं नाव कोणी काढत नाही. राज्याच्या सध्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती कुठे सोडायची, जुन्या झाडांच्या भोवती की कोपऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, हे तुम्ही करार होण्याआधी सांगितलंत तरच बिल्डरचा आर्किटेक्ट ऐकेल. तुमची सोसायटी त्याहून लहान असेल तर ही सक्तीही नाही. मग नकाशा आणखीच महत्त्वाचा.

देखभाल कोण करणार? माळी टिकत नाहीत.

माळी टिकत नाहीत कारण त्यांना नळ मिळत नाही. नळाला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी ऑफिसला. आवारात दर २० मीटरवर एक नळ द्या. पालापाचोळा कचऱ्याच्या गाडीत न देता विटांच्या हौदात साठवा, वर्षभरात खत होतं. मे संपायच्या आत सगळे चेंबर आणि गच्चीवरच्या जाळ्या साफ. या एका कामाचा ठराव इतिवृत्तात तारखेसकट लिहून ठेवा, कारण कमिट्या बदलतात.

हे सगळं कधी दिसायला लागेल?

पाइप आणि फरशीचं काम चांगला ठेकेदार दीड-दोन महिन्यांत करतो. दिवाळीनंतर सुरू केलंत तर पावसाच्या आत निवांत होतं. कर्दळ पहिल्याच पावसात फुलते. बकुळीखाली बसायला सात-आठ वर्षं थांबावं लागतं.

पाचपाखाडीत आम्ही स्मरणार्थवाले बाक उचलून फणसाच्या सावलीत आणले, दात्यांच्या घरच्यांना आधी विचारून. आजी तरीही पंपरूमच्या पायरीवरच बसत राहिल्या. शेवटी गवंड्याला सांगून ती पायरी दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट वाढवली आणि वर कडाप्पा बसवला. आता तिथे पाच जणी मावतात.